गुंजेची माळ

आईची हिंदी आधी गेली. त्या वेळी आम्हाला ते कळलं नाही. सब्जीवाला गेटपाशी उभा राहून "माताजी, पालक ले लो" म्हणायचा आणि आई त्याच्याकडे नुसती बघत राहायची, तेव्हा आम्हाला वाटायचं, तिला ऐकू कमी येतंय. कान तपासून आणले. कान ठीक होते. जिने जन्मभर उज्जैनच्या प्राथमिक शाळेत हिंदीतून पाढे शिकवले, जिच्या हाताखालची मुलं आज टावर चौकात दुकानं टाकून बसली आहेत, तिच्या डोक्यातून ती भाषा सुटी होऊन पडत होती.

मग घरातली मराठी विरळ होऊ लागली. आमची मराठी म्हणजे उज्जैनची. बाबांचं घराणं शिंदे संस्थानाच्या काळापासून इथलं. आम्ही "मी येऊन राहिलो" म्हणतो, "जरूरत" म्हणतो, ओट्याला "ओटला" म्हणतो. आई लग्न होऊन आली ती खानदेशातल्या एका लहान गावातून. आल्यावर वर्षभरात तिने आपली अहिराणी कुठेतरी घडी घालून ठेवली आणि सासरची बोली उचलली. माझ्या लहानपणी तिच्या तोंडून अहिराणी मी ऐकली ती फक्त मावशीशी फोनवर बोलताना. तेव्हाही मी जवळ गेले की ती आवाज खाली आणायची.

आता तीच वर आली होती. एका सकाळी बाबा तिला चहा द्यायला गेले, तर तिने पदर सावरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हाऊ माणूस कोन शे?"

बाबांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. त्यांनी कप तिपाईवर ठेवला, चष्मा काढून पुसला आणि बाहेर ओटल्यावर जाऊन बसले.

मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. माधव नगरच्या घरात आम्ही तिघंच. मी शाळेत असताना दिवसभर आईजवळ बाबा असायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं होतं की आपण दोघांनी दक्षिणेचा प्रवास करायचा. त्याऐवजी आता ते तिच्या मागे मागे खोल्यांतून फिरत. ती गेटची कडी काढायला गेली की "कुठे निघालीस?" विचारत. ती म्हणे, "माले घर जानं शे." एवढं मात्र ते शिकले होते, कारण दिवसातून ते कितीतरी वेळा ऐकावं लागे. "हेच घर आहे," ते म्हणत. ती त्यांच्याकडे अशी बघे, जशी आपण रस्ता चुकवणाऱ्या रिक्षावाल्याकडे बघतो.

बाबा हट्टी माणूस. त्यांनी मनाशी ठरवलं की ही जर आपल्या लहानपणात जाऊन बसली असेल, तर आपणच तिथे जायचं. मावशीला फोन करून ते विचारत, तुम्ही लहानपणी काय खायचात, काय खेळायचात. तिने सांगितलं म्हणून त्यांनी ज्वारी-उडदाचं कळण दळून आणलं आणि मी त्याच्या जाड भाकरी थापल्या. आईने अर्धी भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली आणि हात धुतले. काचेच्या गोट्या आणल्या, त्या तिने बाजूला सारल्या. एकदा कुठूनतरी गोधडी आणली, ती पांघरून ती झोपली, इतकंच. तरी बाबा थकत नव्हते. संध्याकाळी मी परत आले की दारातच मला सांगत, आज अमुक करून पाहिलं, आज तमुक. मला त्यांची कीव येई आणि थोडा रागही. मी एकदा म्हटलंही, "बाबा, तिला त्रास होतोय का बघा. सारखं हे दाखव, ते दाखव करू नका."

"हौ," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

मग थंडीच्या दिवसांत एका रविवारी मी आईची वेणी घालत होते. माझ्या स्वेटरला लाल बटणं होती, मध्ये काळा ठिपका असलेली. आईने त्यातलं एक बटण चिमटीत धरलं, वळवून पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "गुंजा."

बाबा पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला.

"गुंजा शेतस ह्या," आई म्हणाली. "बैलना डोया."

मी तिला थोडं थोडं विचारत गेले. तिची बोली मला निम्मी कळत होती, निम्मी अंदाजाने. पोळ्याला मातीचे बैल करायचे, त्यांना गुंजेचे डोळे लावायचे. गावाबाहेर शेताच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. पानं चिंचेच्या पानांसारखी बारीक, शेंगा वाळल्या की आपोआप उकलायच्या आणि आत हे लाल दाणे काळा डोळा घेऊन बसलेले. पोरी काड्यापेटीत भरून आणायच्या. हे सगळं एका दमात नाही, तुकड्या तुकड्यांनी, मध्येच थांबून. पण कित्येक महिन्यांत ती एका विषयावर एवढी टिकली नव्हती. तिचे गाल जरा वर आले होते. बाबा खुर्ची ओढून जवळ आले, तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला हळूच विचारत राहिले, "काय म्हणते? काय म्हणते?"

दुसऱ्या दिवशी ते आटोने महाकालच्या गल्ल्यांत गेले. तिथे रुद्राक्ष, स्फटिक, शंख यांच्या दुकानांत गुंजेच्या माळाही लटकत असतात. हिंदीत चिरमी म्हणतात तिला. नजर लागू नये म्हणून लोक घेतात. बाबांनी चांगली लांब, गच्च ओवलेली माळ आणली. मी शाळेतून आले तेव्हा आई ओटल्यावर उन्हात बसली होती, माळ तिच्या मांडीवर होती आणि ती एकेक मणी अंगठ्याने पुढे सरकवत बोलत होती. समोर बाबा. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ते मान हलवत होते, आणि ती त्यांच्याकडे बघून बोलत होती. परक्या माणसाकडे बघावं तसं नव्हे. मी गेटपाशीच उभी राहिले. बगलवाल्या भाभी भिंतीवरून मला म्हणाल्या, "आज तो माताजी बड़ी खुश हैं." मी मान डोलावली. खूप दिवसांनी मला त्या घरात शिरावंसं वाटलं.

आमचे त्यापुढचे काही दिवस चांगले गेले. माळ आईच्या गळ्यात असे किंवा हातात. ती झोपली की बाबा काढून उशाशी ठेवत आणि उठली की परत देत. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "आज तिने मला बस म्हटलं. मला. बस म्हटलं आणि जागा करून दिली." एवढं सांगून ते नळाखाली हात धुवायला गेले.

गुंज विषारी असते हे मला माहीत नव्हतं. मी भूगोलाची, झाडांची नावं मला पट्ट्यापट्ट्यांनी ठाऊक, कोरड्या प्रदेशातली, पानगळीची, काटेरी. गुंज म्हणजे माझ्यासाठी सोनाराच्या जुन्या तराजूतलं वजन, एवढंच.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आईने दोनदा उलटी केली होती. बाबा म्हणाले, कालची मटारची कचोरी बाधली असेल. मलाही तेच वाटलं. आदल्या दिवशी मीच आणली होती. मीठ-साखरेचं पाणी दिलं, ओळखीच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. ती पोट धरून कुशीवर वळायची आणि म्हणायची, "मनं पोट दुखस." रात्र तशीच गेली. सकाळी तिचे कपडे बदलताना मला रक्त दिसलं.

मी बाबांना हाक मारली. चादर ओढून काढली, उशीचा अभ्रा काढला, तेव्हा त्यातून लाल कपच्या पडल्या. मी त्या तळहातावर घेतल्या. मण्यांचे तुकडे होते, दातांनी फोडलेले. आतला भाग फिकट, डाळीसारखा. गादीच्या कडेला माळ सापडली. एका टोकाला दोरा चावून तोडलेला होता आणि दोऱ्याचा बराच भाग मोकळा होता.

"बाबा, तिने मणी खाल्लेत."

ते दारात उभे होते. त्यांनी दाराची चौकट धरली होती.

भाभींच्या मुलाच्या गाडीतून आम्ही तिला फ्रीगंजच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. मी माळ आणि तुकडे रुमालात बांधून घेतले होते. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी रुमाल उघडला आणि खुर्ची पुढे ओढली.

"ये तो चिरमी है. चबाई थी या साबुत निगली?"

"निगली," बाबा लगेच म्हणाले. "साबुत निगली होगी."

मी तुकडे दाखवले. "चबाई है. हे बघा."

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं नाही. मला समजावून सांगितलं. अख्खा दाणा गिळला तर त्याचं कवच टणक असतं, तो बहुधा तसाच बाहेर पडतो. पण चावला, किंवा माळेसाठी भोक पाडलेला असला, तर आतलं विष पोटात उतरतं. याला उतारा असा काही नाही. "पानी चढ़ाते रहेंगे, किडनी-लिवर देखते रहेंगे. बाकी इनका शरीर जितना साथ दे."

"कितने दाने होंगे?" त्यांनी विचारलं.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माळ आणली तेव्हा ती कुणी मोजली नव्हती.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आईच्या हाताची शीर सापडत नसे. हातावर निळे डाग पडले. ती हिंदी समजत नव्हती, म्हणून नर्स "माताजी, हाथ सीधा रखो" म्हणाल्या की ती घाबरून हात ओढून घ्यायची. मी तोडक्यामोडक्या अहिराणीत सांगायचा प्रयत्न करी. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे असत. खुर्ची रिकामी असली तरी बसत नसत. लघवी किती झाली ते नर्स लिहून घेत आणि ती कमी झाली की डॉक्टर पुन्हा येत. एका दुपारी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घरच्यांना बोलवून घ्यायचं असेल तर घ्या. मी मावशीला फोन केला.

मावशी धुळ्याहून बस बदलत बदलत आली. पिशवी खाली न ठेवताच तिने आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तिच्या भाषेत बोलू लागली. आईने डोळे उघडले. मावशीला तिने आपली आई समजलं. त्यानंतर मात्र ती हात सरळ ठेवू लागली. नर्स काय सांगायची ते मावशी सांगे आणि आई ऐके. त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी तिला समजत होतं. बाबा ते दारातून बघत होते. आईने त्यांच्याकडे बोट करून मावशीला विचारलं, "हाऊ कोन शे?"

"तुना नवरा शे," मावशी म्हणाली.

"नही," आई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मावशी आणि मी खाली चहा प्यायला गेलो. चहा आल्यावर तिने तो बशीत ओतला. मग म्हणाली, "एक विचारू? भाऊजींनी तुला सांगितलं नव्हतं का?"

"काय?"

"मी त्यांना फोनवर म्हटलं होतं. त्यांनीच फोन केला होता, खूश होते. म्हणाले, तुझी ताई आज मणी तोंडात घालत होती, मी काढून घेतला, ती म्हणाली पाला गोड लागस. आम्ही पोरी गुंजेचा पाला चघळायचो गं, ज्येष्ठमधासारखा लागतो. पण बी कधी कुणी खायचं नाही. आमच्या गावात ढोरं मेलेली आहेत त्यानं. मी म्हटलं, भाऊजी, ती माळ आजच्या आज उचलून ठेवा. हौ हौ म्हणाले."

"कधी?"

"ती आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशी."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मावशीने माझा हात धरला. "मी तुला सांगायला नको होतं," ती म्हणाली. "पण मला वाटलं तुला माहीत असेल."

वर गेले तर बाबा बाकावर तसेच बसले होते, स्वेटरची बटणं वरखाली लावलेली. त्यांनी मला विचारलं, "चहा घेतलास?" मी हो म्हटलं. तेवढ्या वेळात मी त्यांना काय काय म्हणू शकले असते याची मनात उजळणी झाली होती, पण माझी नजर त्यांच्या त्या बटणांवरच राहिली. मी आत गेले आणि आईचे पाय दाबत बसले.

आईचं शरीर टिकलं. आधी रक्त थांबलं, मग लघवी वाढली, मग एक दिवस तिने पेजेचे चार घोट घेतले. डॉक्टर म्हणाले, वाचल्या. माळ त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतली. नवीन डॉक्टरांना दाखवायला बरी, म्हणाले. मी रुमालासकट देऊन टाकली.

घरी आणली तेव्हा ती खूप हलकी झाली होती. उभी राहू शकत नव्हती. बोलणं जवळजवळ बंद झालं. थोडे दिवस राहून मावशी परत गेली, तिलाही तिचं घर होतं. मी शाळेतून रजा घेतली.

आणि बाबा आईजवळ येईनासे झाले. आधी मला वाटलं थकले असतील. मग लक्षात आलं की ते तिच्या खोलीत शिरतच नाहीत. पाणी द्यायचं झालं तरी भांडं भरून दारापाशी आणत आणि मला हाक मारत. औषधाची वेळ झाली की घड्याळाकडे बघत, पण गोळी हातात घेत नसत. मी स्वयंपाक, धुणं, तिचं अंग पुसणं सगळं करत होते आणि ते समोरच्या खोलीत पेपर उलटा-पालटा करत बसत. एका दुपारी आईच्या तोंडातून पेज ओघळत होती, माझा एक हात तिच्या मानेखाली अडकलेला, आणि मी म्हटलं, "बाबा, तो टॉवेल द्या." त्यांनी टॉवेल दारातून माझ्याकडे फेकला.

मी तिला नीट झोपवलं आणि बाहेर आले.

"तुम्ही तिला हातही लावणार नाही का आता?"

"तू चांगलं करतेस," ते म्हणाले. "माझ्याकडून काही चूक झाली तर..."

"मावशीने मला सांगितलंय."

काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही. पेपरची घडी घातली, पुन्हा घातली.

"तिने बजावलं होतं तुम्हाला. तरी तुम्ही ती माळ तिच्या हातात दिलीत."

"हौ."

"का?"

बाहेर गॅसची गाडी भोंगा वाजवत गेली.

"मी उचलून ठेवली होती," ते म्हणाले. "फोन झाल्यावर लगेच. कपाटात. सकाळी ती उठली आणि माळ शोधायला लागली. उशी उलटली, चादर उलटली. मग मला म्हणाली, ऊठ. त्या खुर्चीवरून ऊठ म्हणाली, तिची जागा आहे म्हणून. आदल्या दिवशी तिथेच बस म्हटलं होतं तिने मला. मी म्हटलं, देऊन टाकू. मी समोर बसून राहीन, नजर ठेवीन. आजचा दिवस." ते थांबले. "मी बसलोच होतो. दूधवाला आला तेवढाच उठलो."

"तिचा जीव गेला असता."

"माहीत आहे मला."

"मग?"

"ती बोलत होती ना," बाबा म्हणाले. "माझ्याशी."

मला त्यांना क्षमा करता आली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तर नाहीच. मी आत गेले, आईची पेज गरम केली आणि पुन्हा भरवायला बसले. राग होता, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, ज्याचं नाव मला घ्यायचं नव्हतं. कारण त्या चार दिवसांत मीही गेटपाशी उभी राहून सुखावले होते.

नंतर मी गुंजेबद्दल वाचलं. फार नाही, जेवढं मिळालं तेवढं. ती शेंगवर्गातली. आपण रोज वरणाला लावतो ती तूर, मूग, हरभरा, सगळी त्याच कुळातली. म्हणूनच आतला दाणा मला डाळीसारखा दिसला होता. कोरड्या, उन्हाच्या मुलखात कुठेही वाढते, कुंपणावर चढते, फिकट गुलाबी फुलं येतात ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सुंदर दिसतं ते फक्त बी. हे वाचून मला काही हलकं वाटलं नाही, पण माहीत असलेलं बरं.

काही दिवसांनी बाबा म्हणाले, "मला जरा महाकालकडे जायचंय. तू चलशील?" भाभी आईजवळ बसल्या. मला वाटलं दर्शनाला जायचं असेल, पण ते देवळाच्या बाजूला वळलेच नाहीत. सरळ त्या गल्लीत गेले, जिथून माळ आणली होती. दुकानदाराने त्यांना ओळखलं नाही. माळा तशाच घडांनी लटकत होत्या, लाल. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. मला भीती वाटली की आता ते भांडणार.

एक बाई लहान मूल कडेवर घेऊन आली, बाहेरगावची असावी. तिने एक छोटी माळ काढून मुलाच्या गळ्याशी धरून पाहिली. मुलाने ती लगेच मुठीत पकडली.

"बेटी," बाबा म्हणाले, "ये बच्चे को मत देना. इसका दाना ज़हर होता है. चबा लेगा तो..."

बाईने दुकानदाराकडे बघितलं.

"बाबूजी, सालों से बेच रहे हैं," दुकानदार म्हणाला. "किसी को कुछ नहीं हुआ. नज़र की चीज़ है."

"मेरे घर में हुआ है," बाबा म्हणाले.

ते आवाज चढवून बोलले नाहीत. बाईने मुलाची मूठ सोडवली, माळ परत टांगली आणि निघून गेली. दुकानदार म्हणाला, धंद्याच्या वेळी असं बोलू नका. बाबा म्हणाले, "हौ, नहीं बोलूँगा. पर तुम लेने वाले को बता दिया करो." दुकानदाराने मान हलवली, कटकट टळावी म्हणून असेल किंवा खरंच. आम्ही परतलो. आटोत बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढंच करायचं होतं." मी त्यांच्या स्वेटरची कॉलर नीट केली. त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी पुन्हा साधेपणाने बोलू लागले, भाजी काय आणायची वगैरे.

आई आता पलंगावरच असते. सकाळी ऊन आलं की आम्ही दोघं तिला उचलून खुर्चीत बसवतो. उचलायला मला दुसरे हात लागतातच, म्हणून बाबांना खोलीत यावं लागलं. तिथून पुढे ते थोडे थोडे परत आले. आधी पायाकडची बाजू धरत, मग खांद्याकडची. भरवायला मात्र मीच. तोंडात काही घालायची वेळ आली की ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत.

परवा संध्याकाळी आई जेवेना. खिचडी अगदी पातळ करून, घास फुंकून मी तिच्या ओठांशी नेत होते आणि ती ओठ घट्ट मिटून घेत होती. अलीकडे असं होतं. डॉक्टर म्हणतात, होत जाईल. मी वाटी हातात घेऊन बसले होते. बाबा खिडकीपाशी होते. आईने त्यांच्याकडे बघितलं, खूप वेळ बघत राहिली, आणि कित्येक आठवड्यांनी तिच्या तोंडून वाक्य आलं.

"दादा, तू जेवना का?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा माझ्याकडे वळले. त्यांना अर्थ विचारायची गरज पडली नाही.

"नाही," ते तिला म्हणाले. "तुझ्याबरोबर जेवीन."

ते पलंगाच्या कडेवर बसले. माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वाटी त्यांना दिली. त्यांनी चमच्यात अगदी थोडी खिचडी घेतली, बोटाने चाचपून पाहिली, दोनदा पाहिली, त्यात काही नाही ना याची खात्री केली आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडलं.

मी दूध बघायला आत गेले.